पवित्र काय, शब्द की अर्थ?

धर्मग्रंथ दुसऱ्या भाषेत गेला की त्याचे पावित्र्य टिकते का, या प्रश्नाला आर्मेनियन परंपरेने ठाम होकार दिला आहे. इ.स. 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने 36 अक्षरांची लिपी सिद्ध केली, ती बायबल आपल्या लोकांच्या भाषेत आणण्यासाठी. मध्ययुगात तिच्यात आणखी दोन अक्षरे आली. पहिले अक्षर 'अस्त्वात्स', म्हणजे देव, या शब्दाचे आणि मूळ मालिकेतले शेवटचे ख्रिस्ताच्या नावाचे, असा अर्थ श्रद्धावंत लावतात. आर्मेनियन चर्च भाषांतरकारांना संत मानते आणि त्यांचा सणही साजरा करते.

याच्या उलट भूमिका वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाची. निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात कौत्स या आचार्याचा आक्षेप येतो: मंत्रातले शब्द आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही, म्हणजे मंत्राला अर्थच नाही. मीमांसकांनी हा निष्कर्ष नाकारला. मंत्राला अर्थ आहे, पण यज्ञात त्या अर्थाचे स्मरण त्याच मंत्राने करायचे असा नियम आहे. त्यामुळे मंत्राचा अर्थ सांगता येतो, पण त्या अर्थाचे दुसरे वाक्य मंत्राची जागा घेऊ शकत नाही.

सातारा-सांगलीच्या मुलखात दोन्ही भूमिका नांदल्या. सज्जनगडावर समाधिस्थ झालेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात प्राकृत ग्रंथांची बाजू घेतली. त्यांच्या मते सार अर्थात असते. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काही काळ शिकवलेल्या गुरुदेव रानड्यांच्या इंचगिरी संप्रदायात मात्र साधनेचा आधार गुरूकडून मिळालेले नाम हाच आहे.

आर्मेनियन शिकू लागलेल्या मराठी माणसाला हा वाद जिभेवरच भेटतो. पूर्व आर्मेनियनमध्ये ब, प, फ असे तीन वेगळे ध्वनी आहेत आणि मराठी कानाला ते अवघड नाहीत. 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा, हे मराठी माणूस नकळत पाळतो. देवनागरी दोन्हींना एकच अक्षर देते, माश्तोत्सच्या लिपीत त्यांना वेगळी अक्षरे आहेत. आर्मेनियन व्याकरणात लिंगभेद नाही, ही आणखी एक सोय. अर्थाचे नाते मात्र कानाला लागत नाही. 'अनून' म्हणजे नाम, हे एक वेळ ओळखू येते. पण 'एर्कू' म्हणजे दोन, आणि तो शब्द संस्कृत 'द्वि'चा सगोत्र आहे, हे सांगावे लागते. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुलाची स्वतंत्र शाखा असल्याचे भाषाशास्त्रज्ञ ह्यूबशमान यांनी 1875 मध्ये दाखवून दिले.

बायबलच्या भाषांतरासाठी निवडलेली पाचव्या शतकातली लोकांची भाषा, ग्राबार, आज उपासनेत टिकून आहे, पण बोलीपासून इतकी दूर गेली आहे की आर्मेनियन माणसालाही ती वेगळी शिकावी लागते. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीचेही तेच झाले: मराठीतच लिहिलेला ग्रंथ, पण आता सार्थ आवृत्ती हाताशी लागते. अर्थासाठी निवडलेली भाषा काळाच्या ओघात स्वतःच जपण्याचा शब्द होते आणि भाषांतराचे काम पुन्हा करावे लागते.

म्हणून या दोन भूमिकांचे क्षेत्र वेगळे मानणे योग्य ठरते. विधीला शब्द लागतो, बोधाला अर्थ. वाईत 1916 मध्ये स्थापन झालेल्या प्राज्ञपाठशाळा मंडळाच्या परंपरेत दोन्ही कामे झाली. केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश रचला, तर त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले.