आजाऱ्याचे ताट



संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू येशू हात धरून उठवतो. घरचे थक्क होतात. त्या आनंदात सगळे जे विसरतात, ते प्रभू विसरत नाही. मुलीला काहीतरी खायला द्यावे, असे तो सांगतो. चमत्कार त्याने केला, ताट वाढण्याचे काम मात्र घरच्यांवर सोपवले.

आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो, तेव्हा हे वचन आठवते. कर्करोगाचे ऑपरेशन होऊन कोणी घरी आले की भेटायला येणारे सल्ले देतात. साखरेने गाठ वाढते, दूध बंद करा, अंडी-मासळी नको. शेवटी वाटीत नुसती पेज उरते. आम्हीही कित्येकदा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघालो. सकाळपासून काय खाल्ले, हे विचारायचे राहून गेले.

जखम भरून येण्यासाठी शरीराला नेहमीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. पेजेने हा हिशेब जुळत नाही. खाणे तोडल्याने गाठ उपाशी मरते, याला पुरावा नाही. उपाशी राहतो तो आजारी माणूस. एकदम जेवण जात नसेल तर दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे द्यावे. मऊ खिचडी, घट्ट वरण, दही, उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी. तोंडाचे, गळ्याचे वा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, नाकात नळी असेल, मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल, तर डॉक्टर व आहारतज्ज्ञ सांगतील तेच द्यावे. वजन घटू लागले किंवा गिळताना ठसका लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

काही आजारी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला हट्टाने उपवास करतात. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी आहे आणि त्यातही आजाऱ्यांना सूट आहे. औषधासारखा घास गिळणे हाच त्यांचा त्याग समजावा. माणूस म्हणजे देहात कोंडलेला आत्मा नव्हे, देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो, असे संत थॉमस अक्विनास शिकवतात. म्हणून देहाला भरवणे हेही भक्तीचेच काम आहे.

आणखी एक. कर्करोग ताटावाटीतून पसरत नाही. आजाऱ्याचे भांडे वेगळे ठेवून आपण त्याची भूकच मारतो. या आठवड्यात अशा एखाद्या घरी जाऊ या. सल्ला घरी ठेवू, डॉक्टरांनी काय खायला सांगितले ते आधी विचारू, तेच डब्यातून नेऊ आणि शेजारी बसून दोन घास आपणही खाऊ.

हे प्रभू, तू ज्यांना उठवतोस त्यांना भरवण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू