पोटासाठी की जिभेसाठी?

माणसाने प्रवास कशासाठी करावा, याविषयी आमच्या नगर जिल्ह्यात फारसे मतभेद नाहीत. लग्न, दहावा, कोर्टाची तारीख आणि देवदर्शन ही चार कारणे सर्वमान्य आहेत. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, कारणे तीच राहिली. त्यामुळे 'आम्ही चीनमधल्या चेंगडू शहरी जाणार, आणि तेही केवळ जेवायला' असे मी जाहीर केले, तेव्हा पंगतीत जिलबी संपल्याची बातमी आल्यावर पसरते तशी शांतता घरात पसरली.

चेंगडूची निवड काही चिठ्ठी टाकून केलेली नाही. युनेस्कोने २०१० साली खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून त्याचा गौरव केलेला आहे. ही सिचुआन प्रांताची राजधानी. आपल्या एस. टी. स्टँडसमोरच्या हातगाडीवर जे 'शेजवान' म्हणून मिळते, त्याचे मूळ गाव हेच. अर्थात गाडीवरची ती लालभडक चटणी आणि तिथला स्वयंपाक यांचे नाते पत्रिकेवर नाव छापण्यापुरतेच. तिथे मिरचीच्या जोडीला एक वेगळीच मिरी घालतात. तिने जिभेला मुंग्या येतात आणि जीभ बधिर होते. ही मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलतबहीण. मिरची मात्र ना त्यांची ना आपली. ती आली अमेरिका खंडातून, आणि दोन्ही घरांत घरजावयासारखी ठाण मांडून बसली. असा सगळा अभ्यास करून मी वहीची चार पाने भरली : सकाळी काय, दुपारी काय, संध्याकाळी काय, आणि रात्री भूक नसल्यास काय.

वही पाहून पारनेरची आत्या म्हणाली, "आरं, पोटासाठी मानूस मुंबईला जातो, त्ये मला समजतं. जिभेसाठी चीनला?"

मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहून जे विचारले असते, ते आत्याने लसूण सोलता सोलता विचारले. आणि तिला ते विचारण्याचा अधिकार आहे. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडलेली आहे. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेले आहेत. अशा बाईपुढे चार पानी यादी घेऊन उभे राहायचे म्हणजे मोठी पंचाईत. पोट ही गरज आणि जीभ ही चैन, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण गंमत पाहा. त्या मिलोचे नाव काढले की आत्या आजही तोंड वाकडे करते. आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचा विषय निघाला की तिचा चेहरा उजळतो. ती किती मिळायची, हे तिला आता आठवत नाही. कशी लागायची, हे मात्र पक्के आठवते. म्हणजे पोट रिकामे होते तेव्हाही जीभ जागीच होती! जीभ ही फक्त भरल्या पोटाच्या माणसांना असते, ही समजूत भरल्या पोटाच्याच कुणीतरी पसरवलेली असणार. गरिबाचे पोट भरले की झाले, त्याला चवीशी काय करायचेय, असा त्याचा सरळ अर्थ होतो. खरा अधर्म असेल तर तो इथे आहे.

याला आणखी एक साक्षीदार आमच्या नगरातच सापडतो. १९४२ साली इंग्रजांनी काँग्रेसचे पुढारी भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पहाटेच्या अंधारात उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करत. चमेलीच्या वासाचा, बिनदुधाचा. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पुस्तकात या चहाविषयी पानेच्या पाने आहेत. १९४३ साली त्यांची पत्नी तिकडे कलकत्त्यात वारली आणि हे इकडे बंदिवासात. तुरुंगाने इतके सगळे हिरावून घेतले, पण पहाटेचा एक घोट मनासारखा करून प्यायचा, हे या माणसाने सोडले नाही. याला चैन म्हणायची माझी छाती नाही.

माझ्या यादीतला पहिला पदार्थ 'मापो तोफू'. मापो म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेली म्हातारी. एकोणिसाव्या शतकात चेंगडूतली चेन घराण्यातली एक बाई तेल वाहणाऱ्या हमालांना सोयाबीनच्या पनीराचे हे झणझणीत कालवण रांधून घालायची, असे सांगतात. ही गोष्ट मी आत्याला सांगितली. तिने लसूण बाजूला ठेवला.

"मंग ती बाई आपल्यातलीच की! जा. पन दुसऱ्याच्या घरी जेवायला जातोस, तर रिकाम्या हातानं जाऊ नको. आन् ताटात वाढलेल्याला नावं ठेवू नको."

चार पानांच्या माझ्या अभ्यासात हा नियम नव्हता. आपली मंडळी परदेशी जातात ती सोबत चिवडा, मेतकूट आणि जमल्यास आचारीही घेऊन. दुसऱ्याच्या पंगतीत बसून आपला डबा उघडायचा, आणि वर त्यांचे लोक काय काय खातात म्हणून नाक मुरडायचे! जिभेसाठी प्रवास करण्यात पाप नाही. पण त्या जिभेने निदान पाहुण्यासारखे वागावे, यजमानाने जे निगुतीने केले आहे ते निगुतीने खावे. खाणाऱ्याच्या अंगी एवढे असले, तर तो पोटासाठी गेला काय आणि जिभेसाठी गेला काय, सारखेच.

तेव्हा बॅगेत फराळाचे काही न्यायचे नाही, असा ठराव आमच्या घरी झाला आहे. सौ.नेही तो मान्य केला. फक्त बॅगेच्या तळाशी अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी आहे. पण ती, तिच्या म्हणण्याप्रमाणे, चिनी लोकांसाठी आहे.