उसना श्वास

मूल जन्मले, असे नेमके केव्हा म्हणावे? सुईण म्हणेल, रडले तेव्हा. कोणी म्हणेल, नाळ कापली तेव्हा. एका जन्मापुढे मात्र दोन्ही उत्तरे अडखळतात.

काही गर्भांच्या मानेत मोठी गाठ वाढते, काहींची श्वासनलिकाच बंद असते. पोटात त्यावाचून अडत नाही. प्राणवायू नाळेतून मिळतो. नाळ तुटली की मात्र काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. यावर शल्यवैद्यांनी विलक्षण तोड काढली आहे. दोष सोनोग्राफीत आधीच दिसला, तर आईला गाढ भूल देऊन पोट उघडतात, मुलाचे डोके व खांदे तेवढे बाहेर घेतात आणि नाळ तशीच ठेवतात. आई प्राणवायू पुरवीत असते, तोवर मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालतात. ती जात नसेल तर गळ्याला छेद देतात. मग नाळ कापायची. मिनिटांच्या जागी कधी तासभरही मिळतो. या रीतीला ‘एक्झिट’ म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात ती अमेरिकेत रूढ झाली.

मी शाळामास्तर, वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. मला छळतो तो निराळाच प्रश्न. हा वेळ येतो कोठून? एरवी प्रसूतीनंतर गर्भाशय आवळते, म्हणून रक्त थांबते. येथे वार सुटू नये म्हणून ते मुद्दाम सैल ठेवावे लागते. म्हणजे मुलाचे प्रत्येक मिनिट आईच्या रक्तस्रावाच्या धोक्यावर उसने घेतलेले!

“आईच ती, हो म्हणणारच,” असे आपण सहज बोलून जातो. हिरकणीची कथा आठवा. गडाचे दरवाजे मिटले आणि तान्ह्यासाठी ती कडा उतरली. ‘आई आहेस ना, मग उतर’ म्हणून कोणी तिला ढकलले असते, तर बुरुजाला तिचे नाव देण्यास आपल्याला तोंड उरले असते काय?

मग मुक्या जिवाचा कैवार कोणी घ्यावा? अवश्य घ्यावा, पण विनवून. धोका नवऱ्याच्या वा सासूच्या नव्हे, तिच्या कानी घालावा. मूल वाचेलच असे नाही, हेही सांगावे. तिला नाही म्हणता येत असेल, तरच तिच्या होकाराला अर्थ. पोटच्या पोरासाठी रक्त दे, असे बापाला आपण विनवितो. दंड धरून सुई टोचीत नाही. आईला तेवढा तरी मान द्यावा.