बसलेलं गाणं

थोडं थांबा. आपल्या आवडत्या रॉक बॅन्डचा एक जुना कार्यक्रम आठवा, मग एक अलीकडचा. जुन्यात प्रत्येक गाणं अंगावर आलं होतं. अलीकडच्यात पहिली दोन रंगली, तिसरं पडलं, चौथं अचानक उभं राहिलं. घरी येताना आपण म्हणालो, "वय झालं त्यांचं."

गळा थकतो, हे खरं. पट्टी उतरवावी लागते, मग गिटारवर कधी कधी बोटांच्या जागा बदलतात, मोकळ्या तारांचा नाद हरवतो. पण वय दर रात्री तेवढंच असतं. मग एक गाणं पडतं आणि एक उभं राहतं, ते कशामुळे?

डोळे मिटा. डोंबिवलीतली रुळांजवळची एक खोली. खिडकीला गादी लावलेली, तरी लोकलचा आवाज आत येतोच. कॉलेजातली चार मुलं, रोज संध्याकाळी तेच गाणं. मी दाराशी बसून ऐकायचो. आता फक्त ड्रमवाल्याच्या खांद्याकडे बघा. ठोक्याआधी तो खांदा किंचित वर जातो. बासवाल्याची नजर तिथेच आहे. दोघांचा ठोका एकत्र पडतो.

सावकाश पुढे या. ड्रमवाला आता ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. बासवाला कल्याणला. कार्यक्रमाआधी एकच तालीम, तीही शेवटच्या लोकलवर डोळा ठेवून. गाणं सगळ्यांना पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच कुणी कुणाकडे बघत नाही. या वाक्यापाशी जरा थांबा.

आपण म्हणतो, गाणं बसलं. बसलेलं गाणं उठूनही जातं. गडकरी रंगायतनात नाटक बघणाऱ्यांना माहीत असेल: नवा नट आला की सगळ्यांची पुन्हा तालीम होते. तीच जुनी मंडळी असली की तालीम मागायचा संकोच वाटतो. मला वाटतं, घसरण तिथून सुरू होते.

पण जुन्या मंडळींतही ऐकणं टिकू शकतं. रोलिंग स्टोन्समध्ये चार्ली वॉट्स 1963 पासून 2021 मध्ये निधन होईपर्यंत ड्रमवर होते. बहुतेक बॅन्ड ड्रमच्या मागे जातात. वॉट्स कीथ रिचर्ड्सच्या गिटारमागे जायचे. त्यासाठी ती दर वेळी नव्याने ऐकावी लागते.

आता त्या अलीकडच्या कार्यक्रमात परत या. तिसरं गाणं पडलंय, टाळ्या विरळ आहेत. ड्रमवाला घाम पुसतो, काठ्या उचलतो. बासवाला मान वळवतो. खांदा किंचित वर जातो.