अंगावरचं वजन

होळीच्या आधीच्या आठवड्यात धार जिल्ह्यातल्या आदिवासी भागात भगोरिया हाट भरतात. भिल्ल-भिलाला बायका ठेवणीतली चांदी काढतात: पायांत जाड कडी, कमरेला पट्टा, गळ्यात आपल्या सरीसारखी हंसली. एवढं वजन अंगावर असूनही चाल डौलदार. मला तर वाटतं, त्यातला थोडा डौल वजनाचाच असावा.

पाय कुठे पडतोय हे आपल्याला न बघता कळतं. स्नायू, कंडरा आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे शास्त्रीय नाव दिलं. वजन बांधलं की ताण वाढतो आणि खबर ठळक होते. उपचारात बांधतात त्या वजनदार पट्ट्यांमागचा तर्क एवढाच. लहान मेंदूला इजा झालेला माणूस चहाचा कप उचलतो तेव्हा हात ओठांजवळ येता येता थरथरतो, चहा हिंदकळून बशीत सांडतो. मनगटाला वाळूचा पट्टा बांधला की काहींचा हात सावरतो. पट्टा सोडला की थरथर परत येते, कधी आधीपेक्षा जास्त.

पण रोज तेच वजन असेल तर शरीर त्याची दखल घेईनासं होतं. बोटातली अंगठी दुपारपर्यंत कुणाला आठवते? त्यामुळे स्वमग्न मुलांना दिवसभर वजनदार जाकीट घालून बसवण्याच्या सल्ल्याबद्दल मी साशंक आहे. त्याच्या बाजूचा पुरावा आजवर तोकडाच निघाला आहे. शिवाय ‘मूल शांत बसेल’ या आश्वासनात सोय नेमकी कुणाची, हेही विचारायला हवं.

असे पट्टे आणि जाकिटं वापरणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं, ते कामातून माणूस उभा करणारं शास्त्र म्हणून. वजनाचंही तसंच. नुसतं अंगावर लादलेलं वजन लवकर मुकं होतं. कामासाठी उचललेलं दर पावलाला नवं काही सांगतं. देवासच्या माता टेकडीवर चढताना पूजेची पिशवी मुलाच्या खांद्याला द्यावी. पायरी उंच झाली की ते पुढे झुकतं, पिशवी घसरली की खांदा सावरतं. वर पोचल्यावर पिशवी काढून घ्यावी आणि उतरताना त्याला रिकाम्या हातांनी चालू द्यावं.