बसलेला हात

‘हात बसणे’ हा आपल्या भाषेतील एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. पोळ्या लाटता लाटता मुलीचा हात बसला, ठेक्यावर तबलजीचा हात बसला, असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि शिक्षण तेथे पुरे झाले असे समजतो. परंतु अंगी मुरलेले कौशल्य मनुष्यास जागे ठेवते की हळूहळू झोप आणते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो केवळ कलावंतांचा प्रश्न नव्हे. तीच पूजा व तेच स्तोत्र वर्षानुवर्षे करीत आलेल्या आपणांसारख्या कुटुंबांसही तो टाळता येण्यासारखा नाही.

स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क प्रांतात, या प्रश्नाची टोचणी लागलेला एक लोहशिल्पी होऊन गेला. एदुआर्दो चियिदा हे त्याचे नाव. जन्म १९२४ सालचा, समुद्रकाठच्या सान सेबास्तियान शहरातला. मृत्यू २००२ साली. तरुणपणी तो तेथील नामांकित संघाचा फुटबॉलपटू, आणि तोही गोलरक्षक! गुडघा दुखावल्याने १९४३ साली खेळ सुटला. पुढे माद्रिदमध्ये वास्तुशास्त्राचा अभ्यास करीत असता तो चित्रकलेच्या वर्गास जाऊ लागला. हाताला उपजत सफाई होती. रेखाटने झरझर उतरत. दुसरा कोणी या देणगीबद्दल ईश्वराचे आभार मानता. या गृहस्थाला मात्र तिची शंका आली. डोळ्यांनी नीट पाहण्यापूर्वी व मनाने काही ठरविण्यापूर्वीच हात पुढे धावतो आहे, असे त्याच्या ध्यानी आले, आणि त्याने उजव्या हातातील पेन्सिल डाव्या हाती दिली. डावा हात अडखळे. म्हणून मनाला त्याच्याबरोबर चालता येई.

आपल्याकडे डावा हात शुभकार्यास वर्ज्य मानतात, तेव्हा हा उपाय आपणांस मानवणार नाही, हे उघड आहे. परंतु त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. डावा हातही काही वर्षांनी बसतोच. मग तिसरा हात कोठून आणावा?

मला वाटते, याचे उत्तर त्याला लोहाराच्या भात्यापाशी मिळाले. १९४८ साली तो पॅरिसला गेला व प्राचीन ग्रीक मूर्तींच्या प्रभावाखाली प्लॅस्टरमध्ये घडवू लागला. तेथे मन रमेना, काम पुढे सरकेना. अखेर स्वदेशी परतून त्याने सान सेबास्तियानजवळच्या एर्नानी गावी बिऱ्हाड केले, आणि मान्युएल इयारामेन्दी नावाच्या लोहाराकडून तो लोखंडकाम शिकला. त्याचे लोखंडातील पहिले अमूर्त शिल्प, ‘इलारिक’, हे १९५१ सालचे. जगाच्या मोठमोठ्या संग्रहालयांत शिष्याचे नाव गेले. गुरूचे नाव शिष्याच्या चरित्रापुरतेच उरले. अशा गुरूंची संख्या आपल्याही देशात थोडी नाही.

लोहारकामाकडे ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे त्यास ठाऊक असेल की, भट्टीच्या जागी उजेड मुद्दामच बेताचा ठेवलेला असतो. लोखंड किती तापले, हे त्याच्या रंगावरून ओळखावयाचे असते, आणि भर उन्हात तो रंग दिसत नाही. आधी गडद तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा. त्याहीपुढे गेल्यास पांढऱ्या ठिणग्या उडू लागतात, म्हणजे लोखंड जळू लागले. सांडशीत धरलेला तुकडा ऐरणीवर आला की निवण्यापूर्वी जे काही घाव घालावयाचे ते घालून मोकळे व्हावे लागते. उशीर झाला तर लोखंड वाकत नाही, तडकते. म्हणून साथीदार घण घालीत असता लोहार तोंडाने बोलत बसत नाही. हातोडीच्या हलक्या ठोक्याने पुढचा घाव कोठे पडावा ते दाखवितो.

येथे बसलेल्या हातावाचून एक क्षणही चालावयाचे नाही. विचार करीत राहणाऱ्या लोहाराचे लोखंड थंड होईल, जसा विचार करीत राहणाऱ्या गोलरक्षकाच्या अंगावरून चेंडू आत जाईल. मग सफाईला भिऊन डाव्या हाताकडे वळलेला मनुष्य नेमक्या याच विद्येकडे का यावा? कारण कागद काहीच विरोध करीत नाही. तो काढाल ते मुकाट्याने सोसतो. लोखंड सोसत नाही. प्रत्येक कांब निराळी तापते, निराळी वळते, आणि हात कितीही बसलेला असला तरी त्याला दर घावागणिक तिची दखल घ्यावी लागते. रंग उतरला की लोहाराचा हात आपोआप थांबतो. त्याचा सराव हा थांबण्याचाही सराव असतो.

आपल्या नित्यकर्माची परीक्षा येथेच व्हावी, असे माझे मत आहे. पाठ झालेले स्तोत्र वेगाने म्हटले जाते, यात दोष नाही. कित्येकदा मुखोद्गत असल्यामुळेच मन अर्थाकडे जाण्यास मोकळे होते. मुद्दाम अडखळत म्हणणे हे तर निव्वळ ढोंग होय. परंतु समोरची समई विझली, शेजारच्या म्हातारीला घेरी आली, आणि आपले स्तोत्र मात्र एका सुरात अखंड चालू राहिले, तर तो हात बसलेला नसून निजलेला आहे. पाठांतर व्यर्थ म्हणून ते सोडून देणारे सुधारक आणि पाठांतरातच सर्व काही आले असे मानणारे सनातनी, या दोघांचेही लक्ष समईकडे नसते.

चियिदाने ‘वाऱ्याची फणी’ या नावाचे पहिले शिल्प १९५२ साली घडविले. नंतर तोच विषय तो पुनःपुन्हा घडवीत राहिला, आणि १९७७ साली सान सेबास्तियानच्या आखाताच्या पश्चिम टोकास, डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रातल्या खडकांत त्याने पोलादाचे तीन प्रचंड आकडे रोवले. एकेकाचे वजन सुमारे दहा टन. समोरच्या दगडी फरसबंदीस भोके ठेवलेली आहेत. लाट खालून आत शिरली म्हणजे त्यांतून हवेचा व पाण्याचा जोराचा फवारा वर येतो, आणि आकड्यांकडे टक लावून उभा असलेला मनुष्य दचकून एक पाऊल मागे सरतो.