कोंडलेल्या नागाचे देणे

नागपंचमीच्या कहाणीत एक जखम आहे आणि ती कोणी मुद्दाम केलेली नाही. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला नागोबा मामाच्या रूपाने येऊन आपल्या वारुळात घेऊन जातो. नागीण बाळंत होत असताना सून हातात दिवा धरून उभी असते. पिले वळवळू लागतात, ती घाबरते, दिवा खाली पडतो आणि पिलांची शेपटे जळतात. पुढे ती पिले मोठी होतात, शेपटे कशी गेली ते आईकडून ऐकतात आणि सूड घ्यायला तिच्या घरी येऊन दबा धरतात. त्या दिवशी नेमकी पंचमी असते. ती नागाची चित्रे काढून, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवून, आपले लांडोबा-पुंडोबा भाऊ असतील तिथे खुशाल असोत म्हणून हात जोडत असते. ते ऐकून त्यांचा राग उतरतो. आपण ही कहाणी भावाबहिणीच्या मायेची म्हणून ऐकतो, पण तिच्यात एक नैतिक प्रश्न आहे आणि कहाणीने त्याचे उत्तरही दिले आहे. 'तुझा हेतू वाईट नव्हता' एवढ्यावर ती सुनेला मोकळे करत नाही. सुटका होते ती नंतरच्या वागण्याने. केलेली इजा ती विसरलेली नाही. आपले कोणी ऐकत आहे हे ठाऊक नसताना ती त्यांचे भले चिंतते. आणि ज्यांचे भले चिंतते त्यांना तिने धरून ठेवलेले नाही. तिच्यासमोर आहेत ती नुसती चित्रे. माणसाच्या ताब्यात असताना, अपघाताने का होईना, साप जखमी झाला तर आपण त्याचे काय देणे लागतो? माझ्या मते उत्तर कहाणीतल्यासारखेच दुहेरी आहे: त्याची शुश्रूषा करावी आणि त्याच्यावरचा हक्क सोडावा. दुसरी गोष्ट टाळून केलेली पहिली अपुरी राहते.

हा प्रश्न सातारा-सांगलीकडे पुस्तकी नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याने नागपंचमीला जिवंत नाग पुजण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवली. मातीचा नाग पुजणाऱ्या एका गृहिणीला गोरखनाथांनी जिवंत नागाची पूजा करायला लावली, अशी तिथली कथा आहे. सणाआधी शेताशेतांतून नाग धरायचे, मडक्यांत ठेवायचे, पंचमीला अंबामातेच्या देवळात न्यायचे, घरोघर पुजायचे, मिरवायचे आणि मग सोडायचे, असा क्रम असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे हा गुन्हा ठरला. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मिरवणूक आणि खेळ थांबले. 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी मर्यादित संख्येने नाग पकडायला अटींसह परवानगी दिली. म्हणजे वाद मिटलेला नाही, त्याने फक्त रूप बदलले आहे.

शिराळकर सांगतात, आम्ही गारुड्यांसारखे दात पाडत नाही, तोंड शिवत नाही. ते खरे मानूनच पुढे जाऊ, कारण क्रूर माणसाविरुद्ध युक्तिवाद करणे सोपे असते. अवघड प्रश्न मायेने कोंडणाऱ्याचा आहे. कोंडलेला साप बाहेर पडायची वाट शोधत नाक भिंतीवर घासत राहतो. त्यातून तोंडाच्या टोकाचे खवले झिजतात, जखम होते, ती चिघळून हिरड्यांपर्यंत जाते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त एक पारदर्शक खवला असतो, त्यामुळे हळदकुंकवाची पूड थेट त्यावर बसते. दूध हे त्याचे अन्नच नाही. तहानलेल्या सापाने ते प्यालेच आणि श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. मान दाबून किंवा नुसते शेपटीला धरून लोंबकळवले तर मणक्याला इजा होऊ शकते. यातले काहीही करण्याची कोणाची इच्छा नसते. कोंडण्यातून हे सारे आपोआप घडते, म्हणूनच मला 'अपघात' हा शब्द इथे पुरेसा वाटत नाही. दिवा सुनेच्या हातून एकदा पडला. मडके मात्र दरवर्षी जाणूनबुजून भरले जाते.

'भाव शुद्ध आहे, मग पाप कसले?' हा पहिला आक्षेप. त्याला आधारही आहे: बुद्धाच्या शिकवणीत कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत मानले आहे. पण याच कृष्णाकाठी या प्रश्नाचा दुसऱ्या अंगाने विचार करणारी एक जुनी परंपरा नांदते आहे. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज मुख्यतः शेतकरी आहे. नांगर चालवताना जमिनीतले जीव मरतात, हे त्याच्या रोजच्या जगण्यातले कोडे आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी द्वेष नाही, प्रमाद आहे: बेसावधपणातून झालेला प्राणघात म्हणजे हिंसा. त्याहून बोलके आहे ते गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणाऱ्या दोषांचे वर्णन. बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे ते पाच दोष. त्यात बंधन सर्वांत आधी येते. या क्रमावर शास्त्रकारांचे काही का म्हणणे असेना, मला त्यात अनुभवाचे शहाणपण दिसते: आधी जीव बांधला जातो, मग बाकीचे चार दोष घडायला वाव मिळतो. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला तीर्थंकर पार्श्वनाथांचे क्षेत्र आहे. त्यांच्या मूर्तीवर नागफणा का असतो, त्याची कथाही जखमी सापांचीच आहे. कमठ तापसाने पंचाग्नीत घातलेल्या ओंडक्यात नागाचे जोडपे होते. तापसाला ते ठाऊक नव्हते, त्याचा हेतू तपाचा होता. पार्श्वकुमारांनी ओंडका फोडायला लावला, अर्धवट जळालेल्या त्या जोडप्याला शेवटच्या घटकेला मंत्र ऐकवला आणि ते पुढच्या जन्मी धरणेंद्र-पद्मावती झाले; मूर्तीवरची फणा त्याच धरणेंद्राची. माझ्या दृष्टीने इथे महत्त्व क्रमाला आहे. आधी ओंडका फुटतो, मंत्र त्यानंतर येतो. ओंडका तसाच धुमसत ठेवून बाहेरून मंत्र म्हटला असता, तर कथेला अर्थच उरला नसता.

दुसरा आक्षेप म्हणतो की सापाला आपल्यासारखे दुखत नाही. साप ओरडत नाही, त्याचा चेहरा बदलत नाही, म्हणून हा समज पसरतो. वेदना पोहोचवणारे मज्जातंतू सरपटणाऱ्या प्राण्यांत असतात, आणि अफूसारखी वेदनाशामके ज्यांवर काम करतात ते ग्राहीही त्यांच्या शरीरात असतात. साप दुखणे लपवतो, कारण रानात दुबळेपणा दाखवणे म्हणजे शिकार होणे. निरोगी सापही कित्येक दिवस खात नाही, त्यामुळे खाणे सुटले तरी पाळणाऱ्याला उशिरा कळते. मुकेपणामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी आपण अधिक बारकाईने पाहायला हवे.

शुश्रूषा म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण श्रद्धाळू हात आधी हळदीकडे जातो. जखमी सापाला स्वच्छ, कोरडी, अंधारी जागा लागते. माती-भुसा जखमेत जातो, म्हणून खाली साधा कागद अंथरतात. जखम सलाइनने धुऊन पातळ केलेले आयोडीनचे औषध लावायचे आणि पुढचे सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यावर सोपवायचे. सापाचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. योग्य ऊब नसेल तर त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि औषधही नीट लागू पडत नाही. तीच ऊब बेताल झाली, तर ज्या दिव्याने बरे करायचे तोच अंग भाजतो. मोठी जखम भरायला कातीमागून काती टाकाव्या लागतात, म्हणजे महिने जातात. या काळात त्याला शक्य तितके कमी हाताळायचे, कोणाला दाखवायचे नाही. हे प्रेम करणाऱ्याला जड जाते आणि नेमके इथेच माणसाचे मन घसरते. इतके केले म्हणजे हा आता माझा, असे वाटू लागते. पण जखम आपल्या ताब्यात झाली असेल, तर ती बरी करणे हे उपकार नसून परतफेड आहे, आणि कर्ज फेडणाऱ्याला सावकारावर मालकी मिळत नाही. चांगला सर्पमित्र हे जाणतो. जाळ्यात अडकलेला किंवा ऊसतोडीत कापला गेलेला साप तो वनखात्याला कळवतो, बरा झाला की त्याच परिसरात सोडतो आणि गळ्यात घालून छायाचित्र काढत नाही.

शिराळ्याच्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. इतर गावांत साप दिसला की काठी उचलली जाते, तिथे हात जोडले जातात. नागाचे बीळ, माग आणि स्वभाव जाणणारी माणसे त्या मातीत घडली. पूजा तुटली तर हे ज्ञान आणि ही मायाही तुटेल, मग शेवटी नागाचेच नुकसान. हे म्हणणे खोटे नाही, आणि शहरात बसून शिराळकरांना अडाणी म्हणणाऱ्यांनी ते कधी ऐकूनच घेतले नाही याची मला खंत वाटते. देशात 2000 ते 2019 या 20 वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा देशात नागाला न मारणारे गाव ही मोलाची गोष्ट आहे. पण ज्ञान मडक्यातच टिकते, हे मला पटत नाही. चेन्नईजवळ 1978 मध्ये इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तेही साप मडक्यांतच ठेवतात, काही आठवडे विष काढतात आणि सोडून देतात. त्या विषापासून दंशावरचे प्रतिविष तयार होते. तिथेही बंधन आहे, म्हणून दोषही आहे. पण ते परवान्याने, मोजक्या मुदतीसाठी आणि माणसांचे प्राण वाचवण्यासाठी आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडून हिशेब मागता येतो. मिरवणुकीकडून कसला हिशेब मागणार? शिराळ्याचे कसब सापांच्या सुटकेला, दंश टाळण्याच्या शिक्षणाला, शेताशेतांतल्या नागांच्या नोंदीला लावता येईल, आणि त्यासाठी नागाने देवळापर्यंत येण्याची गरज नाही. शिराळ्यातच समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. त्या मूर्तीला शेंदूर लावला तर तिला काही होत नाही, भंगली तर विसर्जनाची रीत आहे. जिवंत नागाला मूर्तीच्या जागी बसवले की मूर्तीचे उपचार त्याच्या अंगावर येतात, आणि तो भंगला तर विसर्जन पुरत नाही, डॉक्टर लागतो. मातीच्या नागाची पूजा ही गोरखनाथांच्या कथेत कमी प्रतीची ठरली असेल, कहाणीतल्या सुनेला मात्र चित्रे पुरली.

उरतो तो ज्याला सोडताच येत नाही असा साप. मणका मोडलेला नाग, दृष्टी गेलेली धामण, किंवा शहरांतून हौसेने पाळला जाणारा, पिंजऱ्यातच जन्मलेला आफ्रिकी बॉल पायथन. देशी साप पाळायला कायद्याने बंदी आहे. परदेशी जातींचे जे प्राणी वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात, त्यांची नोंद त्याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने आणि 2024 च्या नियमांनी सक्तीची केली आहे. त्यांचा जन्म आणि मृत्यूही कळवावा लागतो. बॉल पायथनला सह्याद्रीत सोडणे त्याच्यावरही अन्याय आणि इथल्या जिवांवरही. मग हक्क सोडायचा म्हणजे काय करायचे? माझे म्हणणे असे की इथे सोडायचा तो साप नव्हे, त्याच्यापासून मिळणारी मजा. भाजला असेल तर उष्णतेच्या दिव्याला जाळी आणि तापमान नियंत्रक बसवायचा, नाक घासत असेल तर पेटी मोठी करून लपायला जागा द्यायची, पाहुण्यांसमोर काढणे बंद करायचे, त्याच्या जोडीला दुसरा आणायचा नाही. बॉल पायथन तीस वर्षेही जगतो. पाळणारा महाविद्यालयात असताना आणलेला साप त्याच्या मुलांच्या शाळेच्या दिवसांतही घरात असू शकतो, आणि तोवर त्याला हातात घेण्याची हौस कधीच विरलेली असते. पेटीतले पाणी मात्र तेव्हाही रोज बदलावे लागते.